जरा मोठं माप

मोबाइलवरच्या फोटोत लाकडाचं होतं.
डोंगरातलं घर, दोन रात्री, माणसं आठ.
आम्ही सातच. आठव्याचे पैसे भरावेच लागले,
म्हणून रणजितदादानं उरलेल्या पलंगावर
भडंगाचा डबा झोपवला, वर पांघरूण घातलं.
पोरं हसून लोळली.
आप्पा हसले नाहीत. ते भिंतीपाशी उभे होते,
बोटाच्या पेरानं ठोकत.

'सिमेंट हाय. वर रेघा छापल्यात.
गाठी बघ, दर तिसऱ्या फळीला
तीच गाठ, त्याच जागी.
झाड काय असं वाढतंय व्हय?'

कळे, साळवण, उसाच्या ट्रॉल्यांमागं तास गेला होता,
मग गगनबावड्याचं धुकं काचेला येऊन टेकलं.
गाडीच्या खणात, टोलच्या जुन्या पावत्यांखाली,
उद्यमनगरातल्या शेडचा कागद होता.
दुसऱ्या रात्री शेकोटीपाशी बोलायचं, असं ठरलेलं.
सुरुवात दादानं करायची,
वहिनीनं मध्येच चहा आणायचा,
आणि मी, लग्न होऊन गेलेली,
मी नुसतं आप्पांच्या शेजारी बसायचं.

दार तेवढं खरं निघालं.
'हेदूचं हाय,' आप्पा म्हणाले,
ओळखीचं माणूस भेटल्यागत.
दमटानं फुगलेलं, चौकटीत बसेना.
राखणीला असलेला जानू बोडके म्हणाला,
'धोंडा लावतो की आम्ही. रातीला गवा फिरतो.'
आप्पांनी धोंड्याकडं असं बघितलं
की जानूनंच तो पायानं बाजूला सारला.

पहाटे मी उठले तर पलंग रिकामा.
आप्पा उंबऱ्यात मांडी घालून,
जानूनं दार बिजागरीतून उतरवून धरलेलं,
आणि आप्पांच्या हातात काच.
आधीच्या पाहुण्यांनी गवतात फोडलेल्या बाटलीची.
रंधा नाही तर काच, त्यांना कशाचं अडत नाही.
हात थरथरतो हल्ली, कपातला चहा सांडतो.
काच लाकडाला लागली की थरथर थांबायची,
उचलली की पुन्हा सुरू.
पातळ, पिवळसर साल वळून वळून पडत होती
त्यांच्या मफलरवर, जानूच्या अनवाणी पायांवर.

पृथूनं त्यांच्या खिशातली पितळी पट्टी काढली,
शाळेतल्या फूटपट्टीला लावून बघितली.
'आजोबा, तुमची चुकीची आहे. मोठी आहे.'
'मोठीच असती ती.
लोखंड ओतताना पाण्यागत असतंय,
थंड झालं की अंग चोरतंय.
म्हणून साचा करतानाच
बिडाला फुटामागं एक सूत जास्त धरायचं.'
'आणि माणसाला?'
आप्पांनी काच फुंकली.
'माणसाचा साचा केला न्हाई कधी.'

चाळीस वर्षं त्या शेडमध्ये
पंपांची, गिअरांची, कुठल्या कुठल्या झाकणांची
लाकडी अंगं केली त्यांनी.
आता मशीन करतं, रात्रीत,
भुस्सासुद्धा आपला आपण ओढून घेतं.

शेकोटी पेटली. लाकडं ओली, नुसता धूर.
दादा दोनदा खाकरला.
वहिनीनं चहा आणला, लवकरच आणला,
अजून कुणी काही बोललंच नव्हतं.
धुक्यात खाली कुठंतरी काहीतरी मोठं चाललं,
फांदी मोडली, पोरं आत पळाली.
आप्पा उठले. सगळे आत आल्यावर
त्यांनी दार लोटलं, एका बोटानं.
ते बसलं.
आवाज केवढा, डबीचं झाकण मिटावं एवढा.

त्याकडंच बघत, पाठमोरे, म्हणाले,
'रणजित, सही कुठं कुठं करायची
तिथं पेन्सिलीनं फुल्या मारून ठेव.
चष्मा गाडीत राहिलाय.'

दादाच्या हातात भडंगाची मूठ तशीच.

निघताना जानूनं विचारलं,
उन्हाळ्यात लाकूड वाळंल, मग फट पडंल की?
'पडंल,' आप्पा म्हणाले, 'सूतभर.
पडू दे.'
आणि गाडीत पुढं बसले,
पट्टी मात्र मागं, पृथूच्या मांडीवर.
असळजपर्यंत तो खिडकी मोजत होता,
माझा हात, डबा, झोपलेल्या बहिणीचं नाक,
आणि दर वेळी ओरडत होता,
थोडं कमी भरतंय, आत्या,
सगळंच थोडं कमी भरतंय.